कोकणातल्या वाडीत घरोघर पाहणी: चूल मोजण्यापासून आकडे गावाला परत देईपर्यंत

कोकणात घरपट्टीच्या वहीत घर एक असतं, त्यात वीजमीटर तीन असतात, रेशनकार्डं दोन निघतात आणि संध्याकाळी चूल मात्र एकच पेटते, तीही दोन म्हाताऱ्या माणसांपुरती. घाटावरच्या एकगठ्ठा गावठाणासाठी बेतलेली पाहणीची पद्धत इथे जशीच्या तशी आणली की पहिल्याच दिवशी अडखळते. घोळ प्रश्नावलीत नसतो. 'कुटुंब म्हणजे कोण आणि ती किती' इथेच तो असतो. यादी चुकली की पुढे कितीही कसून मुलाखती घ्या, चूक तशीच राहते. म्हणून या लेखातली बरीच जागा यादीने घेतली आहे. डोळ्यांसमोर एका तालुक्यातली, साधारण सहाशे कुटुंबांची पाहणी ठेवली आहे. विषय पाणी, आरोग्य, शिक्षण, उपजीविका यांपैकी कुठलाही असू शकतो.

रिकामे तक्ते आधी

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी अहवालात जे तक्ते हवेत ते कोऱ्या कागदावर आखा. आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवा, पण आडवी-उभी शीर्षकं पूर्ण लिहा: 'मे महिन्यात पाणी आणायला रोज एक तासाहून जास्त वेळ देणारी कुटुंबं, वाडीच्या प्रकारानुसार'. असे बारा ते पंधरा तक्ते पुरतात. मग प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या तक्त्यात जाणार त्याचा क्रमांक घाला. क्रमांक मिळाला नाही तो प्रश्न काढून टाका. 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेले प्रश्नच मुलाखत दीड तासावर नेतात, आणि पाऊण तासानंतर माणूस उत्तरं देत नाही, सुटका करून घेतो.

किती कुटुंबं, किती वाड्या

एखाद्या गोष्टीचं प्रमाण पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने आणि ९५ टक्के खात्रीने हवं असेल, तर सुट्या सुट्या निवडलेल्या ३८४ कुटुंबांनी भागतं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, आणि तिथेच चूक होते. आपण कुटुंबं सुटी निवडत नाही. आधी वाडी निवडतो, मग वाडीतली कुटुंबं. एका वाडीतली घरं एकाच विहिरीवर, एकाच शाळेवर, बहुतेक वेळा एकाच जातीची. त्यामुळे विसावं घर नवीन काही फारसं सांगत नाही. हे नुकसान भरून काढायला कुटुंबांची संख्या किती पटीने वाढवायची तो आकडा, म्हणजे 'डिझाइन इफेक्ट', धरतात: एक अधिक (दर वाडीतली कुटुंबं वजा एक) गुणिले वाडीतल्या सारखेपणाचा गुणांक.

गुणांक ०.०५ धरला आणि वाडीमागे २० कुटुंबं घेतली तर डिझाइन इफेक्ट १.९५ येतो, म्हणजे साधारण ७५० कुटुंबं आणि ३८ वाड्या. वाडीमागे १० घेतली तर तो १.४५ होतो, ५६० कुटुंबांत काम भागतं, पण वाड्या ५६ लागतात. कोकणात वाडीपर्यंत पोचण्याचा खर्च मोठा, म्हणून मधला रस्ता परवडतो: ४० वाड्या, दर वाडीत १५ चुली (चूल म्हणजे एकत्र जेवणारं कुटुंब), एकूण ६००. इथे इफेक्ट १.७ येतो आणि गरज साधारण ६५३ ची ठरते, म्हणजे ६०० मध्ये चुकीची मर्यादा (आकडा किती टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो ती) पाच टक्क्यांच्या थोडी वर जाते. ते मान्य नसेल तर १५ च्या जागी १८ चुली घ्या, म्हणजे इफेक्ट १.८५ धरूनही ७२० कुटुंबांत मर्यादा जेमतेम पाच टक्क्यांत बसते. पाणी किंवा रस्ता असा विषय असेल तर गुणांक ०.०५ पेक्षा बराच वर जातो, कारण वाडीला पाणी असतं किंवा नसतं. तेव्हा वाड्या वाढवा, वाडीतली घरं नव्हे.

तुलनेसाठी: मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' पाहणीत जिल्ह्यामागे ३० गावं आणि गावामागे २० कुटुंबं असतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत दर समूहातून २२ कुटुंबं घेतली होती. ते आकडे त्यांच्या कामासाठी ठरले होते, आपल्यासाठी तो नियम नाही.

कधी जायचं

ही बाब वेळापत्रकाची वाटते, पण ती उत्तरंच बदलून टाकते. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी (मुंबईला नोकरीला असलेले) घरी असतात; तेव्हा गेलात तर घरटी माणसं फुगतात, तरुण पुरुष अचानक दिसू लागतात आणि बंद घरं उघडी मिळतात. जुलैत लावणी चालू असते. दिवसा वाडीत म्हातारी माणसं आणि मुलं सोडून कुणी सापडत नाही. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या काळात कोळीवाड्यात 'गेल्या ३० दिवसांतलं उत्पन्न' विचारलंत तर ते जवळजवळ शून्य येतं आणि अहवालात खलाशी भूमिहीन मजुराहून गरीब दिसतो. ऑक्टोबरात भातकापणी आणि मळणी.

उरतो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ. बहुतेकांसाठी तो उत्तम, पण कातकरी कुटुंबांसाठी सर्वांत वाईट. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत कातकरवाडीत गेलात तर निम्म्या झोपड्या रिकाम्या मिळतील आणि तालुक्यातली सर्वांत गरीब माणसं गुपचूप पाहणीबाहेर जातील. या वाड्यांचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात स्वतंत्रपणे उरकावं आणि अहवालात ते स्पष्ट लिहावं.

मोसम बदलला की उत्तर बदलतं असे प्रश्न मोसमाचं नाव घेऊनच विचारा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात डिसेंबरमध्ये 'पाण्याची अडचण आहे का?' विचारलं तर 'नाही' हेच खरं उत्तर आहे. 'एप्रिल-मे मध्ये प्यायचं पाणी कुठून आणता, आणि पावसाळा संपल्यावर कुठून?' असे दोन प्रश्न लागतात.

वाड्यांची यादी

नमुन्याचं एकक महसुली गाव ठेवू नका. एका महसुली गावात दहा-पंधरा वाड्या, त्या एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये सडा (कातळाचं पठार) किंवा व्हाळ (ओढा). 'गाव निवडलं, मग चौकातून उजवीकडे वळून दर पाचवं घर' हा नियम इथे चालत नाही. मुळात चौकच नसतो. सर्वेक्षक एसटी थांब्याजवळच्या वाडीत शिरतो आणि घाटी चढून वर असलेला धनगरवाडा कधीच नमुन्यात येत नाही.

वाड्यांची नावं आणि अंदाजे चुली यांचा तक्ता तीन ठिकाणांहून जुळवा. ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे कर आकारणीची वही मिळते, त्यात घरं कळतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदवह्यांतून माणसं कळतात. सगळ्यांत ताजी माहिती बहुधा तिथेच असते. मतदारयादीतून वाड्यांची नावं पडताळता येतात, पण माणसं मोजायला ती वापरू नका, कारण मुंबईला गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं गावात राहतात. २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे ताळा म्हणून ठेवा, आधार म्हणून नव्हे: २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती, आणि त्यानंतर बराच काळ गेला आहे.

मग शेवटी सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई यांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा: 'या यादीत कुठली वस्ती राहिली?' सुटणाऱ्या वस्त्या ठरलेल्याच असतात: धनगरवाडा, कातकरवाडी, खाडीपलीकडची दोन-चार घरं, बागेतले मांगर (राखणीच्या झोपड्या), बंदरावर खलाशांच्या खोल्या, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेड. हापूसच्या बागा राखायला आलेली नेपाळी कुटुंबं मांगरात सात-आठ महिने राहतात. ती 'आपल्या गावची नव्हेत', म्हणून कुणी सांगत नाही. विचारल्याशिवाय ती यादीत येणार नाहीत.

वीसपेक्षा कमी चुलींच्या वाड्या निवडीआधीच शेजारच्या वाडीला जोडा. निवड झाल्यावर जोडल्या तर संभाव्यतेचं गणित बिघडतं.

आता निवड आकाराच्या प्रमाणात. समजा तालुक्यात अंदाजे १२,००० चुली आणि ४० वाड्या हव्यात. सगळ्या वाड्या किनारपट्टी, मधला पट्टा, सह्याद्रीचा पायथा अशा क्रमाने लावा आणि चुलींची चढती बेरीज करत जा. १२,००० भागिले ४० म्हणजे अंतर ३००. १ ते ३०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा १३७ आला. तर १३७, ४३७, ७३७ असे आकडे ज्या ज्या वाडीच्या बेरजेत पडतात त्या वाड्या तुमच्या. अशी निवड केली की तिन्ही पट्टे आपोआप आपल्या वाट्याने येतात. निवडलेली वाडी लांब आहे, साकव (लहान पूल) वाहून गेलाय, म्हणून दुसरी घ्यायची नाही. घेतलीत तर जिथे रस्ता नाही तिथलं आयुष्य कसं आहे हे न सांगणारी पाहणी तयार होते.

चूल मोजणं

निवडलेल्या प्रत्येक वाडीत मुलाखतींच्या आधी, वेगळ्या दिवशी, पूर्ण यादी करायची. जोडीने फिरा, एक जण नकाशा काढतो, दुसरा नोंद करतो. चढ-उतार, गडगे, पाणंदी यांमुळे एका जोडीला दिवसाला ३५ ते ४५ चुलींहून जास्त होत नाहीत. त्याहून वेगाने झाली असतील तर कुणीतरी एका ठिकाणी बसून यादी 'लिहून घेतली' आहे असं समजा.

कुटुंबाची व्याख्या जनगणनेची: एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकातून जेवणारी माणसं. गावात यासाठी 'चूल' हा शब्द तयारच आहे. 'तुमचं कुटुंब किती मोठं?' विचारलं तर मुंबईचे तीन भाऊ, त्यांची मुलं, सगळे मोजले जातात. कोकणी माणसाच्या लेखी ते खरंही आहे. म्हणून 'या घरात चुली किती? रोजचं जेवण कुणाकुणाचं एकत्र होतं?' असं विचारा. मालवणी मुलुखात 'जेवूक किती माणसा असतत?' एवढं पुरतं. एका लांबलचक घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर तीन ओळी. दोन घरांत झोपणारी पण एकत्र जेवणारी आई आणि मुलगा, तर एक ओळ. गॅस आला तरी हिशेब चुलीचाच.

राहती व्यक्ती म्हणजे गेल्या १२ महिन्यांत किमान सहा महिने इथे राहिलेली. नवं बाळ आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून यांना सहा महिन्यांची अट नाही.

बंद घरांसाठी तीन वेगळे क्रमांक ठेवा. 'घर बंद' असा एकच शेरा मारला की पुढे काहीच उलगडत नाही.
क्रमांक १: कायम बंद. गणपतीलाही उघडत नाही.
क्रमांक २: सणापुरतं उघडणारं. गणपती, शिमगा, मे.
क्रमांक ३: आज कुलूप, पण माणसं राहती. शेतावर, बाजारात, दवाखान्यात गेलेली.
निवडीच्या यादीत फक्त क्रमांक ३ येतो. १ आणि २ ची नुसती मोजणी ठेवा, स्थलांतरावर लिहिताना तीच सर्वांत बोलकी ठरते. कुठला क्रमांक घालायचा ते शेजाऱ्याला विचारा, आणि स्वतःही बघा: खळं सारवलेलं आहे का, तुळशीला पाणी दिसतं का, दाराच्या फटीत वीजबिलं साठली आहेत का. शेजारी भावकीतला असेल आणि जमिनीवरून वाद असेल तर राहत्या घरालाही 'ते इथे नसतातच' असं सांगतो. दुसऱ्या शेजाऱ्याला विचारल्याशिवाय क्रमांक १ घालू नका.

यादी झाली की त्याच संध्याकाळी पर्यवेक्षकाने कुटुंबं निवडायची, सर्वेक्षकाने नव्हे. ८७ चुली मिळाल्या आणि १५ हव्या असतील तर अंतर ५.८. शून्य ते ५.८ मधला आकडा काढा, समजा ३.४. मग ३.४, ९.२, १५.०, २०.८… आणि प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकावर नेऊन चौथी, दहावी, पंधरावी, एकविसावी चूल. अंतर ५.८ चं ५ करू नका. शेवटची घरं निवडीतून सुटतात, आणि वाडीचं शेवटचं टोक बहुधा सर्वांत गरीब असतं.

निवडलेलं कुटुंब तीन वेळा, तीन वेगळ्या वेळी गाठायचं. नाही भेटलं तर 'भेटलं नाही' अशी नोंद. शेजारचं घर बदली घ्यायचं नाही. घरी सहज सापडणारी माणसं आणि न सापडणारी माणसं सारखी नसतात, एवढंच याचं कारण. कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या बाया बाजारातून परतल्यावर दुपारी भेटतात. शेतीच्या वाडीत संध्याकाळी पाच ते सात.

'सर्व्हे' हा शब्द

कोकणात सर्व्हे म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन जाणार. रेल्वे, महामार्गाचं चौपदरीकरण, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, आणि एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी झालेलं माती परीक्षण आणि त्याला झालेला विरोध हे सगळं लोकांच्या लक्षात ताजं आहे. त्यामुळे ओळख करून देताना 'कुटुंबांची माहिती घेतोय' असं म्हणा, आणि कोणाकडून आलोय, पैसा कोणाचा, माहितीचं काय होणार, हे तिन्ही पहिल्याच मिनिटात सांगा. सातबाऱ्याची प्रत मागू नका, आधार क्रमांक तर मुळीच नको. जीपीएसचा फोन हातात धरून बागेत फिरू नका. सरपंचाला पत्र आधी द्या, पण तेवढ्याने भागत नाही: वाडीचे गावकार (मानकरी), मोहल्ल्यात जमातीचे जबाबदार लोक, कोळीवाड्यात तिथला पाटील किंवा मच्छीमार सोसायटी, आणि बचतगटाच्या बाया. पुष्कळ वाड्यांचे निर्णय त्यांच्या मुंबईतल्या मंडळात होतात. तिथे एक फोन झाला तर दारं लवकर उघडतात.

संमतीचा मजकूर छापील असतो तसा वाचू नका, बोलीत पाठ करा: 'काकी, तुमच्या वाडीतल्या पंधरा घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यात तुमचं घर आलं. पाऊण तास लागेल. याने कुठली योजना मिळणार नाही आणि असलेली बंदही होणार नाही. नको वाटेल तो प्रश्न सोडा, मधेच थांबवलं तरी चालेल. तुमचं नाव कुठे येणार नाही.' योजनेचं वाक्य कधीही गाळू नका. ते नसेल तर माणसं स्वतःला गरजेपेक्षा गरीब सांगतात. रक्त तपासणी, वजन-उंची असं काही घेणार असाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मान्यता आधी हवी. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही.

प्रश्न विचारताना

घरातल्या माणसांचा तक्ता सर्वांत आधी. नावं कुटुंबप्रमुखापासून नव्हे, जी बोलते आहे तिच्यापासून सुरू करा. यादी जास्त पुरी होते. संपल्यावर चार जणांची आठवण करून द्या: तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस, माहेरी परतलेली लेक, कामाला ठेवलेला मुलगा.

त्याच्यापुढे दुसरा तक्ता ठेवा, 'घरचे पण बाहेर असलेले'. कोण, कुठे, कधीपासून, काय काम, वर्षातून किती वेळा येतात. पहिल्या तक्त्यात त्यांना घातलंत तर सरासरी बिघडते. कुठेच नोंदवलं नाहीत तर घर चालतं कशावर ते कळत नाही. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या; यामागची माणसं या दुसऱ्या तक्त्यात असतात.

'मुंबईहून पैसे येतात का?' हा प्रश्न जवळजवळ नेहमी फसतो. आई म्हणते, 'नाही, त्याचंच त्याला पुरत नाही.' ती खोटं बोलत नसते. महिन्याची ठरलेली रक्कम येत नाही एवढंच. पण किराणा भरून दिला जातो, औषधं मुंबईहून येतात, दवाखान्याचं बिल थेट भरलं जातं, गणपतीचा सगळा खर्च आणि घराचे नवे पत्रे मुलाचे असतात, मोबाइलचं रिचार्ज तोच मारतो. हे सात-आठ प्रकार एकेक करून, गेल्या १२ महिन्यांसाठी विचारा. उलट दिशेनेही विचारा: तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आंब्याची पेटी मुंबईला जाते का?

खर्चाच्या प्रश्नांना आठवणीची मुदत नीट लावा. राष्ट्रीय कुटुंब उपभोग खर्च पाहणीची २०२२-२३ ची पद्धत वापरण्याजोगी आहे: भाजी, मासे, अंडी, तेल, फळं यांना ७ दिवस, कपडे, शाळा, इस्पितळातला भरती खर्च, टिकाऊ वस्तू यांना ३६५ दिवस, बाकीच्यांना ३० दिवस. मासळीला महिना दिलात तर आठवत नाही, कपड्यांना आठवडा दिलात तर गणपतीची खरेदी सुटते. घरचं भात, परसातले नारळ, खाडीतून आणलेले कालवं-मुळे (शिंपले) हे विकत घेतलेले नाहीत म्हणून गळतात; प्रत्येक वस्तूला 'विकत / घरचं / कुणी दिलेलं' असे तीन रकाने ठेवा.

जमिनीत दोन अडचणी. सातबारा सामायिक असतो, पंचवीस नावं, त्यांतली निम्मी हयात नाहीत. म्हणून मालकी आणि कसणं वेगळं विचारा: 'नावावर किती' हा एक प्रश्न, 'यंदा तुम्ही स्वतः किती लावलं' हा दुसरा, 'कुणाची कसता, काय देता' हा तिसरा. दुसरी अडचण मापाची. एकरात ४० गुंठे; हेक्टरात १०० आर. गुंठा आणि आर जवळपास सारखे पण एकच नव्हेत. खाचरं पुष्कळदा किती बियाणं लागतं त्यावरून सांगितली जातात, आणि पायली, कुडव, मण, खंडी ही मापं गावागणिक वेगळी निघतात. सांगितलेलं माप आणि आकडा तसाच्या तसा लिहा आणि त्या वाडीतलं एक माप स्वतः तोलून किलोत नोंदवा. रूपांतर कार्यालयात करा. सर्वेक्षकाला दारात गुणाकार करायला लावला की चूक सापडणं अशक्य होतं. आंब्याच्या 'पेटी'लाही हेच. किती डझनाची ते विचारा.

जात विचारायची तर शेवटच्या भागात, एकट्यात, आणि वाडीच्या नावावरून स्वतःच भरायची नाही. कुणबीवाडीत गुरवाचं घर असतं, आणि बौद्धवाडीला आलेला टँकर कुठे थांबतो हे जातीच्या रकान्याशिवाय कळणार नाही.

वय ठाऊक नसतं तेव्हा अंदाज न करता घटनांशी जोडा. कोकणासाठी ही खूणगाठ कामी येते: रामदास बोट बुडाली, १७ जुलै १९४७, कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, सिंधुदुर्ग जिल्हा झाला, १ मे १९८१, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २६ जानेवारी १९९८, २६ जुलै २००५ चा पाऊस, फयान वादळ, नोव्हेंबर २००९, निसर्ग वादळ, ३ जून २०२०, तौक्ते, मे २०२१, चिपळूणचा पूर, २२ जुलै २०२१. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही शाळेत जात होता की लग्न झालं होतं?' एवढ्यानं दोन-तीन वर्षांच्या आत वय सापडतं.

मत किंवा सवय विचारायची असेल तर घरातली कोणती प्रौढ व्यक्ती, हे चिठ्ठीने ठरवा. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला निवडतक्ता त्यासाठी आहे. फोनवर तो प्रश्नावलीतच बसवता येतो. 'ज्याचा वाढदिवस जवळ' हा सोपा उपाय इथे लंगडा पडतो, कारण म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा शाळेने लावलेल्या १ जूनच्या. निवड केली नाही तर पडवीत बसलेले आजोबाच सगळ्या गावाच्या वतीने बोलतात. सुनेशी बोलायचं तर मागीलदारी बसा आणि दुसऱ्या सर्वेक्षकाने सासूबाईंना पुढच्या दारी घरखर्चाचे प्रश्न विचारावेत.

माणसं आणि साधनं

एक पर्यवेक्षक, चार सर्वेक्षक, त्यांत निदान तीन बाया. त्याच तालुक्यातल्या असाव्यात, पण स्वतःच्या वाडीत कुणाला पाठवू नये. संगमेश्वरी, मालवणी, आगरी किंवा कोकणी मुसलमानांची बोली कानावर असणं पदवीपेक्षा महत्त्वाचं. प्रशिक्षण पाच दिवस. त्यांतले दोन दिवस नमुन्याबाहेरच्या वाडीत खऱ्या मुलाखती. एका सर्वेक्षकाच्या दिवसाला चार मुलाखती होतात, फार तर पाच. एसटीच्या वेळा बघून दिवस आखा. पायथ्याच्या वाड्यांसाठी वस्तीच्या गाडीने आदल्या रात्री पोचणं आणि तिथेच राहणं स्वस्त पडतं आणि संध्याकाळच्या मुलाखतीही मिळतात.

फोनवर प्रश्नावली भरायला ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स हे अॅप चालतं. दोन्ही नेटशिवाय भरता येतात, रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतात. प्रश्नावली निघण्याआधी वायफायवर उतरवून ठेवा. दोघांत एक पॉवर बँक, प्लास्टिकची पिशवी आणि दहा कोऱ्या कागदी प्रती प्रत्येकाकडे. मर्यादा आधी घाला, म्हणजे वय ११० च्या वर जाणार नाही आणि आई मुलापेक्षा लहान होणार नाही.

रोज रात्री

पर्यवेक्षकाने त्या दिवसाच्या नोंदी त्याच रात्री पाहाव्यात. पाहायचं ते असं. वीस मिनिटांत संपलेली मुलाखत कुणाची? एकाच सर्वेक्षकाच्या घरांत माणसं सातत्याने कमी का? १५ ते ४९ वयाच्या बायांसाठी वेगळा लांब भाग असेल तर कुणाच्या नोंदींत ५० आणि १४ वर्षांच्या बाया विचित्रपणे जास्त आहेत? हे आळसाचं ओळखीचं रूप. वय एक वर्ष सरकवलं की अर्धा तास वाचतो. वयं ० आणि ५ वर किती साचली ते व्हिपल निर्देशांकाने मोजा: २३ ते ६२ वयांतली ० किंवा ५ ने संपणारी माणसं गुणिले पाच, भागिले त्या वयांतली एकूण माणसं, गुणिले शंभर. १०० म्हणजे साचणं नाही; ५०० म्हणजे सगळी वयं अंदाजपंचे.

दहा टक्के घरी पर्यवेक्षकाने पुन्हा जावं आणि न बदलणारे पाच प्रश्न विचारावेत: घरात किती जण, सर्वांत लहान कोण, विहीर कुठे, शौचालय आहे का, मागच्या वेळी कोण आलं होतं. शौचालय पाहा आणि वापरही विचारा. बांधलेलं असतं आणि मे महिन्यात पाण्याअभावी त्यात लाकडं ठेवलेली असतात.

भार आणि तक्ते

वाड्या जुन्या अंदाजाने निवडल्या आणि यादीत आकडा वेगळा निघाला, तर प्रत्येक कुटुंबाचा भार, म्हणजे ते तालुक्यातल्या किती कुटुंबांच्या वतीने धरायचं तो आकडा, वेगळा. जुन्या अंदाजात ७५ चुलींची वाडी ४० गुणिले ७५ भागिले १२,००० म्हणजे ०.२५ संभाव्यतेने आली. यादीत ७५ च निघाल्या तर १५ भागिले ७५ म्हणजे ०.२, गुणाकार ०.०५, भार २०. पण घरं बंद होऊन ६० च उरल्या असतील तर ०.२५ गुणिले ०.२५, म्हणजे ०.०६२५, भार १६. भार लावला नाही तर ओस पडत चाललेल्या वाड्यांचं वजन अहवालात वाढतं. विश्लेषण करताना सॉफ्टवेअरला वाडी हा समूह आहे हेही सांगा, नाहीतर चुकीची मर्यादा फसवी लहान दिसते.

नावं आणि उत्तरं वेगळ्या फायलींत ठेवा. जीपीएसचे आकडे कुणाला द्यायचेच असतील तर दशांशानंतर दोनच अंक ठेवा, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभर धूसर होते.

आकडे गावाला परत द्या: चार मोठे तक्ते, मराठीत, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत, आणि बाया घरी असतील अशा वेळी. नमुना तालुक्याचा आहे, त्यामुळे 'आमच्या वाडीत किती टक्के?' या प्रश्नाला पंधरा घरांवरून टक्केवारी देऊ नका. यादीतून आलेल्या एकूण चुली आणि तीन प्रकारची बंद घरं मात्र त्या वाडीची पूर्ण मोजणी आहे, ती बेरजेने द्यायला हरकत नाही. ज्या रकान्यात दहापेक्षा कमी कुटुंबं पडतात तो छापू नका. सहा घरांच्या धनगरवाड्यात 'एका कुटुंबावर सावकाराचं कर्ज आहे' एवढं वाक्य पुरतं. ते कुटुंब कोणतं हे सभामंडपातल्या प्रत्येकाला तिथेच कळतं.